ब्रिटिश कोलंबियातील गाइड आउटफिटर आणि मूलनिवासी हक्क

गाइड आउटफिटर म्हणजे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना मोठ्या वन्यप्राण्यांच्या शिकारीसाठी वाटाडे, घोडे, होड्या, तळ, भोजन आणि जंगलातील मार्गदर्शन पुरविणारा परवानाधारक व्यावसायिक होय. अशा प्रत्येक व्यावसायिकाला प्रांतिक शासन ठरावीक क्षेत्र नेमून देते व त्या क्षेत्रात हा व्यवसाय करण्याचा अनन्य अधिकार त्याला मिळतो. ही क्षेत्रे प्रामुख्याने शासकीय जमिनीवर आखलेली आहेत. त्यांपैकी बहुतेक जमीन मूलनिवासी समाजांनी कोणत्याही तहाने शासनाला दिलेली नाही. १९८२ नंतर कॅनडात मूलनिवासींच्या हक्कांना संविधानाचे संरक्षण मिळाले आणि न्यायालयीन निर्णय, तह व समेटाचे करार यांतून त्यांची अंमलबजावणी होऊ लागली. त्यामुळे या व्यावसायिकांचा जमिनीवरील प्रवेश, त्यांना मिळणारा शिकारीचा कोटा आणि व्यवसाय घटल्यास किंवा बंद झाल्यास मिळावयाची नुकसानभरपाई हे तीन प्रश्न पुढे आले. शासनाने दिलेला परवाना आणि त्या परवान्याच्या आधीपासून अस्तित्वात असलेला हक्क यांचा संघर्ष झाल्यास त्याची किंमत कोणी सोसावी, हा या वादाचा गाभा आहे.

व्यवसायाचे स्वरूप

ब्रिटिश कोलंबियाचे क्षेत्रफळ सुमारे ९,४४,७०० चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे ९४ टक्के जमीन प्रांतिक शासनाच्या नावावर आहे. प्रांताच्या उत्तर भागातील पर्वतरांगा, मध्य पठार आणि पश्चिमेकडील वर्षावने येथे मूस, एल्क, कॅरिबू, काळे अस्वल, डोंगरी शेळी आणि रानमेंढ्यांच्या अनेक जाती आढळतात. स्टोन मेंढा ही रानमेंढ्याची उपजाती मुख्यत्वे याच प्रांताच्या उत्तरेस व लगतच्या युकॉन प्रदेशात सापडते. तिच्या शिकारीसाठी अमेरिका व युरोपातील शिकारी मोठी रक्कम मोजतात.

प्रांताच्या वन्यजीव कायद्यानुसार वन्यप्राण्यांची मालकी शासनाकडे आहे. परदेशी शिकाऱ्याला मोठ्या प्राण्याची शिकार करावयाची असल्यास, काही थोडे अपवाद वगळता, त्याने परवानाधारक गाइड आउटफिटरची सेवा घेणे बंधनकारक आहे. स्थानिक रहिवाशांना असे बंधन नाही. प्रांतात अशी दोनशेहून अधिक क्षेत्रे असून एकेका क्षेत्राचा विस्तार हजारो चौरस किलोमीटर असू शकतो. या व्यावसायिकांची ‘गाइड आउटफिटर्स असोसिएशन ऑफ ब्रिटिश कोलंबिया’ ही प्रातिनिधिक संघटना आहे.

परवान्यातून मिळणारा अधिकार

गाइड आउटफिटरचा अधिकार हा जमिनीच्या मालकीचा किंवा भाडेपट्ट्याचा अधिकार नव्हे. त्या क्षेत्रात दुसऱ्या कोणी बाहेरच्या शिकाऱ्यांना मोबदला घेऊन मार्गदर्शन करू नये, एवढेच संरक्षण त्यातून मिळते. त्याच जमिनीवर स्थानिक शिकारी शिकार करू शकतात, लाकूडतोडीच्या कंपन्यांना तोडीचे हक्क मिळू शकतात, खाणकाम आणि तेल-वायू उत्खननही होऊ शकते. एका वर्षात कोणत्या जातीचे किती प्राणी मारता येतील याचा कोटा शासनाचे अधिकारी ठरवितात व प्राण्यांच्या संख्येनुसार तो कमी-अधिक करतात.

कायद्याच्या दृष्टीने हा अधिकार मर्यादित असला तरी व्यवहारात त्याला मोठे मूल्य आहे. शासनाच्या संमतीने तो दुसऱ्याला हस्तांतरित करता येतो. त्याची किंमत प्रामुख्याने त्या क्षेत्रातील प्राण्यांच्या जाती व कोटा यांवर अवलंबून असते. अनेक कुटुंबांनी हा व्यवसाय कर्ज काढून विकत घेतला आहे आणि काही कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तळावरील लाकडी घरे, घोडे, होड्या व विमान उतरविण्याच्या धावपट्ट्या यांत गुंतविलेला पैसा कोट्याशिवाय फारसा परतावा देत नाही. त्यामुळे कोटा निम्मा झाला, तर जमिनीची एक इंचही हानी न होता व्यवसायाचे मूल्य मोठ्या प्रमाणात घटते. नुकसानभरपाईच्या मागणीचे मूळ या विसंगतीत आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश कोलंबियात दोनशेच्या आसपास मूलनिवासी समाज असून त्यांना कॅनडात ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणतात. व्हँकूव्हर बेटाच्या काही भागांत १८५० ते १८५४ या काळात झालेले डग्लस तह आणि ईशान्य भागाला लागू असलेला १८९९ चा आठव्या क्रमांकाचा तह वगळता एकोणिसाव्या शतकात या प्रांतात जमिनीविषयी तह झाले नाहीत. उर्वरित भूभागावर शासनाने स्वतःची मालकी गृहीत धरली.

विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडील टेलिग्राफ क्रीक या वस्तीत अमेरिका व युरोपातील शिकारी येऊ लागले. तेथील ताल्तान समाजातील पुरुष वाटाडे म्हणून नावाजलेले होते. प्राण्यांच्या सवयी, घाटवाटा आणि हवामान यांचे त्यांचे ज्ञान हाच या व्यवसायाचा आरंभीचा पाया होता. पुढे मार्गदर्शनाची क्षेत्रे नोंदवून परवाने देण्याची पद्धत रूढ झाली. या भूमीवर पूर्वीपासून शिकार करणाऱ्या समाजांची संमती ही त्या परवान्याची अट नव्हती. परिणामी, एकाच भूमीवर दोन नकाशे निर्माण झाले : एक शासनाने आखलेल्या व्यावसायिक क्षेत्रांचा आणि दुसरा मूलनिवासी समाजांच्या परंपरागत प्रदेशांचा.

कायदेशीर विकास

१९७३ साली काल्डर खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूलनिवासींचा भूमिहक्क ही कायद्याला माहीत असलेली संकल्पना असल्याचे मान्य केले. १९८२ च्या संविधान अधिनियमातील कलम ३५ ने मूलनिवासींच्या अस्तित्वात असलेल्या व तहांतून मिळालेल्या हक्कांना मान्यता दिली. १९९० च्या स्पॅरो खटल्यात मासेमारीच्या संदर्भात एक क्रम निश्चित झाला. प्रथम संवर्धन, त्यानंतर मूलनिवासींची अन्नासाठी, सामाजिक कार्यांसाठी व विधींसाठी होणारी मासेमारी आणि त्यानंतर व्यापारी व क्रीडा मासेमारी, असा तो क्रम होय. वन्यप्राण्यांच्या वाटपातही हेच तत्त्व आधारभूत मानले जाते. प्राणी कमी झाल्यास सर्वांत आधी झळ बाहेरच्या शिकाऱ्यांच्या कोट्याला बसावी, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो.

१९९७ च्या डेल्गामुक्व निर्णयाने भूमिहक्काचे स्वरूप स्पष्ट केले. २००४ च्या हैदा निर्णयाने हक्क न्यायालयात सिद्ध होण्याआधीही शासनाने संबंधित समाजाशी विचारविनिमय करून आवश्यक तेथे त्याच्या हिताची तजवीज करावी, असे कर्तव्य घालून दिले. हे कर्तव्य शासनाचे आहे, खासगी व्यावसायिकाचे नाही, असेही त्या निर्णयात म्हटले आहे. मात्र शासनाने ते नीट पार पाडले नाही, तर परवाना अडचणीत येतो तो खासगी व्यावसायिकाचा.

२६ जून २०१४ रोजी त्सिलकोटिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅनडात प्रथमच एका निश्चित भूभागावर मूलनिवासींचा भूमिहक्क घोषित केला. या खटल्याची सुनावणी कनिष्ठ न्यायालयात ३३९ दिवस चालली होती. भूमिहक्क म्हणजे त्या जमिनीचा वापर ठरविण्याचा, तिच्यापासून लाभ घेण्याचा आणि तिचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार, असे न्यायालयाने सांगितले. संमतीवाचून सुरू झालेला प्रकल्प भूमिहक्क सिद्ध झाल्यावर रद्द करावा लागू शकतो, असा इशाराही निकालात आहे. शासकीय जमीन गृहीत धरून दिलेल्या सर्वच परवान्यांच्या दृष्टीने हे विधान महत्त्वाचे ठरले.

२०१९ साली मूलनिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या जाहीरनाम्याशी प्रांताचे कायदे सुसंगत करण्याचा कायदा ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाने केला. जून २०२१ मध्ये ब्लूबेरी रिव्हर समाजाच्या खटल्यात प्रांताच्या उच्च स्तरीय न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. रस्ते, तेलविहिरी, लाकूडतोड इत्यादींच्या एकत्रित परिणामांमुळे तहातील शिकारीचा व उपजीविकेचा हक्क अर्थशून्य झाला असून शासनाने तहाचा भंग केला आहे, असा निर्णय त्या न्यायालयाने दिला. जानेवारी २०२३ मध्ये शासन व हा समाज यांच्यात अंमलबजावणीचा करार झाला.

प्रवेशाचा प्रश्न

गाइड आउटफिटरच्या दृष्टीने प्रवेशावर येणारी बंधने तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात जमिनीचा दर्जाच बदलतो. तहाने किंवा न्यायालयीन घोषणेने जमीन मूलनिवासी समाजाची झाल्यास त्या जमिनीवर जाण्यासाठी त्या समाजाची परवानगी लागते. शासनाचा जुना परवाना तेथे पुरेसा ठरेलच असे नाही.

दुसऱ्या प्रकारात जमीन तशीच राहते, पण कोटा किंवा हंगाम कमी होतो. ब्लूबेरी रिव्हर निर्णयानंतर २०२२ साली ईशान्येकडील पीस प्रदेशात परवानाधारकांकडून होणारी मूसची शिकार निम्म्याने घटविण्याचे व कॅरिबूची परवाना-शिकार बंद करण्याचे नियम करण्यात आले. या प्रदेशातील अधिवासाची हानी मुख्यत्वे उद्योगांमुळे झाली असताना तिचा भार शिकाऱ्यांवर का टाकला जातो, असा आक्षेप स्थानिक शिकारी व गाइड आउटफिटर या दोघांनीही घेतला. तहातील हक्क प्रत्यक्षात वापरता यावा यासाठी पुरेसे प्राणी शिल्लक असणे आवश्यक आहे आणि अधिवास पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात, ही त्याविरुद्धची बाजू होय.

तिसऱ्या प्रकारात मूलनिवासी समाज स्वतःच्या कायद्याने बंदी जाहीर करतात. २०१२ साली मध्य व उत्तर किनाऱ्यावरील समाजांनी आपल्या प्रदेशात अस्वलांच्या स्मृतिचिन्हासाठी होणाऱ्या शिकारीवर बंदी घोषित केली. प्रांतिक शासनाने ती त्या वेळी मान्य केली नव्हती. त्यामुळे प्रांताचा परवाना हाती असलेला शिकारी आणि त्या समाजाचे किनारी रक्षक समोरासमोर येण्याचे प्रसंग उद्भवले.

नुकसानभरपाई

कॅनडाच्या संविधानात मालमत्तेच्या हक्काला स्वतंत्र संरक्षण नाही. मात्र कायद्यात स्पष्ट तरतूद नसेल तर शासनाने मोबदल्यावाचून मालमत्ता घेऊ नये, असे तत्त्व न्यायालये पाळतात. १९८५ च्या टेनर खटल्यात राष्ट्रीय नव्हे तर प्रांतिक उद्यानात अडकून पडलेल्या खनिजहक्कांबद्दल भरपाई देय असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. परंतु खनिजहक्क हा जमिनीतील हितसंबंध होता. शिकार-मार्गदर्शनाचा परवाना त्याच अर्थाने मालमत्ता आहे काय, हा प्रश्न वेगळा आहे. २००८ च्या सॉल्निए खटल्यात मासेमारीचा परवाना दिवाळखोरीच्या कायद्यापुरता मालमत्ता मानण्यात आला; परंतु त्यामुळे परवाने देण्या-न देण्याचा शासनाचा अधिकार संकुचित होत नाही, हेही त्या निकालातून दिसते.

लाकूडतोड उद्योगाशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. २००३ साली प्रांतिक शासनाने मोठ्या कंपन्यांकडील तोडीच्या हक्कांपैकी सुमारे २० टक्के भाग परत घेतला. त्याचा काही हिस्सा मूलनिवासी समाजांना देण्यात आला आणि कंपन्यांच्या भरपाईसाठी २० कोटी डॉलरची तरतूद झाली. २०२१ मधील वनकायद्याच्या दुरुस्तीतही हक्कांच्या फेरवाटपासाठी भरपाईची चौकट आहे. गाइड आउटफिटरच्या कोट्यातील कपातीसाठी अशी ठरलेली योजना वन्यजीव कायद्यात नाही. कोटा हा मुळातच बदलता असून संवर्धनासाठी तो कमी होणे हा व्यवसायातील जोखमीचाच भाग आहे, असा युक्तिवाद यामागे आहे. याउलट, कपात संवर्धनासाठी नसून सार्वजनिक धोरणासाठी असेल तर तिचा खर्च सर्व समाजाने वाटून घ्यावा, असे व्यावसायिकांचे म्हणणे आहे.

या मतभेदाचे ठळक उदाहरण ग्रिझली अस्वलांच्या बाबतीत घडले. डिसेंबर २०१७ मध्ये प्रांतिक शासनाने ग्रिझलीची शिकार बंद केली. मूलनिवासींना अन्न, सामाजिक कार्य, विधी किंवा तहातील हक्क यांसाठी ती करण्याची मुभा राहिली. प्रांतात त्या वेळी सुमारे १५,००० ग्रिझली असल्याचा शासकीय अंदाज होता आणि निर्णयामागे लोकमत हे प्रमुख कारण सांगण्यात आले. ग्रिझलीच्या शिकारीवर अवलंबून असलेल्या व्यावसायिकांच्या वतीने भरपाईसाठी शासनाविरुद्ध सामूहिक दावा दाखल करण्यात आला.

भरपाई कोणाकडून मागावी, हाही प्रश्न गुंतागुंतीचा आहे. मूलनिवासी समाजाने शतकभर जमिनीच्या लाभापासून वंचित राहिल्यावर स्वतःचाच हक्क परत मिळविण्यासाठी पैसे मोजावेत, ही अपेक्षा त्या समाजांना अन्याय्य वाटते. शासनाने परवाना दिला म्हणजे विचारविनिमय पुरेसा झाल्याची हमी दिली असे होते काय, हा मुद्दा लाकूडतोडीच्या मोल्टन खटल्यात उपस्थित झाला. आरंभी ठेकेदाराला शासनाकडून भरपाई मंजूर झाली, परंतु २०१५ साली अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. परवान्यावर विसंबून गुंतवणूक करणाऱ्याला यामुळे सावध व्हावे लागले.

तोडग्याचे मार्ग

व्यवहारात पुढील मार्ग अवलंबिलेले दिसतात.

तहात तरतूद : ११ मे २००० रोजी अमलात आलेल्या निस्गा तहाने सुमारे २,००० चौरस किलोमीटर जमीन निस्गा समाजाची झाली. त्याशिवाय सुमारे १६,१०० चौरस किलोमीटरच्या वन्यजीव क्षेत्रात मूस, ग्रिझली व डोंगरी शेळी यांचा ठरावीक वाटा त्या समाजाला मिळाला. शिकारीचे प्रमाण वाटाघाटीत आधीच ठरल्यामुळे सर्व संबंधितांना आपली मर्यादा कळते, हा या मार्गाचा गुण होय. तह होण्यास लागणारा दीर्घ काळ ही त्याची उणीव आहे.

खुशीने खरेदी : २००५ साली रेनकोस्ट कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेने किनारी समाजांच्या सहकार्याने ग्रेट बेअर वर्षावनातील २४,००० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राचे मार्गदर्शन-हक्क १३.५ लाख डॉलरना विकत घेतले. पुढे आणखी क्षेत्रे घेण्यात आली. हक्क संस्थेकडे राहतो, पण तेथे बाहेरच्या शिकाऱ्यांसाठी व्यापारी शिकार केली जात नाही. विकणाऱ्याला मोबदला मिळतो आणि कोणावर सक्ती होत नाही. मात्र स्थानिक रहिवाशांच्या शिकारीवर या खरेदीचा परिणाम होत नाही आणि पैसा देणग्यांतून उभा करावा लागतो.

मूलनिवासी मालकी : काही समाजांनी वा त्यांच्या सदस्यांनी मार्गदर्शनाची क्षेत्रे स्वतः चालविण्यास घेतली आहेत. किनाऱ्यावर अस्वले पाहण्याच्या पर्यटनाकडे वळण्याचा मार्गही अनुसरला जात आहे.

परस्पर करार : काही व्यावसायिक स्थानिक समाजाशी थेट करार करतात. त्यांत त्या समाजातील तरुणांना रोजगार, शिकारीतील मांस समाजातील वृद्धांना देणे, विधीच्या काळात विशिष्ट खोऱ्यात न जाणे अशा अटी असू शकतात. अशा कराराने कायदेशीर प्रश्न सुटत नाही, परंतु प्रवेशाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

संक्रमणकाळ : एप्रिल २०२४ मध्ये हैदा समाज व प्रांतिक शासन यांच्यातील कराराने हैदा ग्वाई द्वीपसमूहावरील हैदांचा भूमिहक्क मान्य झाला. खासगी मालकीच्या जमिनींना धक्का लागणार नाही आणि नव्या व्यवस्थेकडे टप्प्याटप्प्याने जावयाचे, असे त्याचे सूत्र आहे. परवाने एकाएकी संपुष्टात न आणता मुदत देण्याचे हे उदाहरण मानले जाते.

भारतीय संदर्भ

मराठी वाचकांना हा व्यवसाय सर्वस्वी अपरिचित नाही. स्वातंत्र्योत्तर काळात मध्य भारतात परदेशी शिकाऱ्यांसाठी शिकारयात्रा आयोजित करणाऱ्या शिकार-कंपन्या होत्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ‘ऑल्विन कूपर’ या अशाच कंपनीद्वारे व्यवसाय केला होता. १९७० च्या सुमारास वाघाच्या शिकारीवर देशव्यापी बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा व्यवसाय लयास गेला.

भारतातील बदल संवर्धनासाठी झाला, तर ब्रिटिश कोलंबियातील बदलाच्या मुळाशी मूलनिवासींचे हक्क आहेत, हा महत्त्वाचा फरक होय. हक्कांच्या बाजूने पाहिल्यास २००६ च्या वनहक्क कायद्याशी तुलना अधिक योग्य ठरते. या कायद्यानुसार गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला व २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबूची विक्री करू लागली. वनावरील समाजाचा हक्क शासन नव्याने देत नसून आधीपासून असलेला हक्क मान्य करते, ही भूमिका दोन्ही ठिकाणी समान आहे. वनहक्क कायद्यात शिकारीचा हक्क मात्र स्पष्टपणे वगळलेला आहे.

विविध भूमिका

गाइड आउटफिटर स्वतःला वन्यजीवांचे राखणदार मानतात. प्राणी टिकले तरच व्यवसाय टिकतो, दुर्गम भागात वर्षानुवर्षे राहून आपण प्राण्यांच्या नोंदी ठेवतो आणि शासनाच्या शब्दावर विसंबून गुंतवणूक केली आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. समेटाला विरोध नसून त्याचा भार काही मोजक्या कुटुंबांवर पडू नये, असे त्यांच्यापैकी अनेकांचे म्हणणे असते.

मूलनिवासी समाजांच्या दृष्टीने मूस, कॅरिबू किंवा अस्वल हे क्रीडेचे साधन नसून अन्न, नाते आणि परंपरा यांचा भाग आहेत. कोट्यातील कपातीला ते नुकसान मानत नाहीत. पूर्वी परस्पर वाटून टाकलेला वाटा परत मिळणे असे ते तिचे वर्णन करतात. स्थानिक शिकाऱ्यांच्या संघटनांची तक्रार दुहेरी असते : एकीकडे परदेशी शिकाऱ्यांसाठी राखलेला वाटा त्यांना जास्त वाटतो, तर दुसरीकडे चर्चेत आपल्याला स्थान मिळत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. संवर्धनवाद्यांतही एकमत नाही. काहींना स्मृतिचिन्हासाठीची शिकार पूर्णपणे बंद व्हावी असे वाटते, तर काही जण रस्ते, खाणी व लाकूडतोड यांमुळे होणारी अधिवासाची हानी हाच मुख्य प्रश्न मानतात.

हेही पहा

फर्स्ट नेशन्स
ब्रिटिश कोलंबिया
निस्गा तह
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२
वनहक्क कायदा, २००६